‘फोर’वर खेळणाऱ्या मुलाच्या आईला

पत्र:

ताई, आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी कॉमर्सला, उंची सहा फूट तीन इंच. शाळेकडून बास्केटबॉल खेळायचा तेव्हा एकटा वीस-पंचवीस पॉइंट करायचा, पेपरात फोटोही आला होता. गेल्या जूनपासून ठाण्यातल्या एका क्लबला जातो. तिथल्या सरांनी त्याला ‘फोर’ला, म्हणजे पॉवर फॉरवर्डच्या जागी, टाकलंय. आता मॅचला चार नाहीतर सहा पॉइंट. बाकीची मुलं शूट करतात आणि हा नुसता धक्के खातो. घरी आला की बोलत नाही. पहाटे उठून मोबाइलवर एनबीए, ती अमेरिकेतली लीग, बघतो, म्हणतो मला प्रोफेशनल पॉवर फॉरवर्ड व्हायचंय. गुडघा दुखतो, पण सरांना सांगू नको म्हणतो. त्याचे बाबा रबाळ्याला एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहेत, तीन पाळ्यांत. ते म्हणतात, यात काय ठेवलंय, सीए कर नाहीतर नोकरीला लाग. सर माझ्या मुलावर अन्याय करतायत का? क्लब बदलावा का? यात खरंच करिअर असतं का?

एक आई, ऐरोली

उत्तर:

ताई, तुम्ही गुडघ्याचं एका ओळीत उरकलंय, मी ते आधी घेते. आजच सरांना फोन करा. मुलगा रागावेल, रागावू दे. वाटीच्या खाली कळ येते का, जिना उतरताना जास्त होते का, उडी मारून खाली येताना दुखतं का, एवढं त्याला विचारून ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा खेळाडूंना तपासणाऱ्या फिजिओकडे न्या. उड्या मारणाऱ्या खेळाडूंचं वाटीखालचं दुखणं नेहमीचं आहे. वाढत्या वयाच्या मुलांना नडगीच्या वरच्या टोकालाही दुखतं. दोन्हींवर इलाज आहे. पण नेमकं काय आहे हे तपासणाऱ्याने ठरवायचं, तुम्ही-मी नाही. तोवर गोळी खाऊन मॅच खेळणं बंद. आपल्याकडे बरीचशी कोर्ट सिमेंटची. फोरला खेळणारा मुलगा दर रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल झेलायला, उडतो आणि त्याच सिमेंटवर उतरतो, हे विसरू नका.

तो एनबीए बघतो ना, मग त्याला टिम डंकनचं सांगा. पॉवर फॉरवर्ड म्हटलं की जाणकार ज्याचं नाव पहिल्यांदा घेतात तो हा. २००० साली त्याच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. त्याचा संघ, सॅन अँटोनियो स्पर्स, आदल्याच वर्षीचा विजेता होता आणि प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्या, तोंडावर आल्या होत्या. तो बसला. संघ पहिल्या फेरीत हरला. डंकन त्यानंतर २०१६ पर्यंत खेळला, एकूण एकोणीस मोसम, सगळे त्याच संघाकडून, आणि विजेतेपदं पाच. दुखणं लपवून तुमचा मुलगा संघासाठी काही करत नाहीये, हे त्याला माझ्यापेक्षा डंकनच्या गोष्टीतून लवकर पटेल.

आता ‘नुसता धक्के खातो’. तुम्ही हे चिडून लिहिलंय, आणि आईला ते असंच दिसणार. पण तो काय करत असतो ते जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

बास्केटबॉलमध्ये पाच जागा असतात आणि खेळाडू त्या आकड्यांनीच बोलतात. एक म्हणजे बॉल आणणारा गार्ड, पाच म्हणजे रिंगखालचा सर्वांत धिप्पाड, आणि चार, म्हणजे पॉवर फॉरवर्ड, या पाचच्या शेजारी. समजा, तुमच्या संघातल्या मुलाने लांबून शॉट मारला. बॉल हवेत आहे. प्रेक्षक, आईवडील, समोरचा संघ, सगळे वर बघतात. फोर वर बघत नाही. तो आपल्या शेजारच्या विरोधी खेळाडूला शोधतो, वळून त्याला पाठीवर घेतो, कंबर खाली नेतो आणि पाय रुंद करून त्याला रिंगपासून दूर दाबून धरतो. याला बॉक्सआउट म्हणतात. तो बॉल बहुतेक वेळा दुसराच कोणी तरी उचलतो. पळत आलेला गार्ड रिबाउंड घेतो, पुढे जाऊन रिंगजवळून लेअप मारतो, टाळ्या त्याला, पॉइंट त्याच्या नावावर. मागे राहिलेला फोर छातीवर कोपर खाऊन उभा. स्क्रीनचंही तसंच. फोर जाऊन विरोधी खेळाडूच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो, तो येऊन आदळतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात आपल्या शूटरला मोकळी जागा मिळते. पॉइंट शूटरचे. धक्के खाणं म्हणता ते हेच असेल, तर तुमचा मुलगा त्याचं काम करतोय.

या कामावर माणसं किती लांब जातात, बघा. डेनिस रॉडमन, उंची सहा फूट सात इंच. शाळा संपली तेव्हा तो बुटका होता आणि काही काळ डॅलसच्या विमानतळावर सफाईचं काम करायचा. कारकिर्दीत त्याची सरासरी मॅचला ७.३ पॉइंट, म्हणजे तुमच्या मुलाच्या ‘सहा पॉइंट’पेक्षा थोडीच जास्त. रिबाउंड मात्र मॅचला १३.१. १९९२ ते १९९८, सलग सात वर्षं, एनबीएमध्ये सरासरीने सर्वाधिक रिबाउंड त्याचे. आपल्या प्रत्येक सहकाऱ्याचा शॉट हुकला की बॉल कसा फिरतो आणि कुठे पडतो, याचा तो सरावात उभा राहून अभ्यास करायचा. २०११ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलं. मायामीचा उडोनिस हॅस्लेम मला त्याहून जवळचा वाटतो. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कोणीही घेतलं नाही. तो फ्रान्सला जाऊन एक मोसम खेळला, परत येऊन २००३ मध्ये आपल्याच गावच्या मायामी हीटमध्ये शिरला आणि २०२३ पर्यंत तिथेच राहिला. वीस मोसम, तीन विजेतेपदं. २०१२ मध्ये त्याने त्या संघाचा रिबाउंडचा विक्रम मोडला. शेवटच्या काही वर्षांत तो कोर्टवर क्वचितच उतरायचा, तरी संघाने त्याला सोडलं नाही, कारण नवीन मुलांना कामाला लावणारा तोच होता. पॉवर फॉरवर्डची कारकीर्द अशीही असते, हे पहाटे मोबाइलवर डंक बघताना कळत नाही.

पण ताई, एवढ्यावर मी तुमच्या सरांना निर्दोष ठरवत नाही. इथे मला माझं सांगावं लागेल.

मी कळव्याची. १९९० च्या सुमारास आमच्या भागात पाच फूट दहा इंचाची मुलगी म्हणजे लोक वळून बघायचे. चौदाव्या वर्षी मला रिंगखाली उभं केलं आणि तिथून मी सहा वर्षं हलले नाही. बॉल वर टाकायचे, मी उंच म्हणून झेलायचे, बोर्डाला लावून आत घालायचे. आम्ही जिंकायचो. जिल्हा, मग राज्य. डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, मला कोणी शिकवलं नाही, कारण गरज पडत नव्हती. मग एका राष्ट्रीय शिबिराची ट्रायल झाली. तिथे केरळच्या आणि पंजाबच्या मुली माझ्या डोक्यावरून रिबाउंड घेत होत्या. तिथल्या सरांनी मला बाहेर खेळायला सांगितलं. बॉल हातात आला आणि मला कळेना की याचं करायचं काय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी परतायच्या गाडीत होते. माझ्या जुन्या सरांवर माझा राग आजही पूर्ण गेलेला नाही. त्यांनी मला वापरलं, शिकवलं नाही. त्यांना पुढच्या रविवारची मॅच जिंकायची होती.

म्हणून तुमच्या मुलाची सहा फूट तीन इंच ही उंची मी जरा वेगळ्या नजरेने बघते. ऐरोली स्टेशनवर तो सगळ्यांत उंच दिसत असेल. भारतीय संघाकडून खेळलेला चंदीगडचा अमज्योत सिंग हा फॉरवर्ड सुमारे सहा फूट आठ इंचाचा आहे. आणि तुमचा मुलगा रोज पहाटे बघतो त्या स्टेफन करीची उंची सहा फूट दोन इंच, आणि तो गार्ड आहे! म्हणजे जगाच्या मापाने तुमचा मुलगा गार्डच्या उंचीचा आहे आणि ठाण्याच्या मापाने फोरच्या. सतरा वर्षांचा आहे, अजून थोडा वाढेलही, पण त्या भरवशावर राहायचं नाही. उंची कमी असून फोरला टिकलेले आहेत. चार वेळा विजेता ठरलेला ड्रेमंड ग्रीन सहा फूट सहा इंचाचा, २०१२ च्या ड्राफ्टमध्ये ३५ वा. पण तो आत ताकदीने लढतो आणि बाहेर येऊन गार्डसारखा पासही देतो. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला आलेला अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता. मग वर्ष-दीड वर्षात वीसेक सेंटिमीटर वाढला आणि पॉवर फॉरवर्ड झाला, पण गार्डचे हात त्याच्याकडे राहिले. आजचा फोर तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभा राहतो, शूट करतो, बॉल घेऊन आत घुसतो. ही वाट रुंद केली डर्क नोविट्झकीने. सात फुटांचा हा जर्मन लांबून शूट करत करत एनबीएमध्ये ३१,५६० पॉइंट करून गेला.

तर अन्याय होतोय की नाही, हे फोरला टाकल्यावरून ठरत नाही. फोरचं काम शिकवलं जातंय की फक्त उंची वापरली जातेय, यावरून ठरतं. आणि ते तुम्हाला घरी बसून कळणार नाही. ऐरोलीहून ठाणं मध्ये एक स्टेशन सोडून आहे. दोन संध्याकाळी जा. एक सरावाची आणि एक मॅचची. हातात साधी वही घ्या.

मॅचच्या दिवशी पॉइंट मोजूच नका. शॉट गेल्यावर तो किती वेळा वळून माणूस अडवतो, त्याची एक रेघ. कितीदा स्क्रीन लावतो, त्याची दुसरी. त्याने अडवलेल्या माणसाने त्याच वेळी रिबाउंड घेतला तर त्या रेघेवर फुली. पहिली दहा मिनिटं तुम्ही गोंधळाल, तुमची नजर बॉलबरोबर पळेल. बॉल सोडून फक्त लेकाकडे बघायचं. आयांना ते फार अवघड जात नाही.

सरावाच्या दिवशी मात्र सरांकडे बघा. अर्ध्या तासात ते तुमच्या मुलाशी किती वेळा थांबून बोलतात? त्याचे पाय कुठे पडतात, कंबर किती खाली आहे, हे सांगतात का? त्याला डाव्या हाताने बॉल खेळवायला लावतात का? बाहेरून शूट करायची पाळी त्याला बाकीच्यांइतकी मिळते का? उडी मारून खाली कसं उतरायचं, दोन्ही पायांवर आणि गुडघे वाकवून, हे कोणी शिकवतं का? या प्रश्नांना ‘हो’ असेल, तर क्लब बदलू नका. चार-सहा पॉइंट होऊ देत. असे सर सहज मिळत नाहीत. पण तो दोन तास रिंगखाली हात वर करून उभा आणि बॉल फक्त बाकीच्यांच्या हातात, असं दिसलं तर सरांना बाजूला घेऊन सरळ विचारा: ‘सर, दोन वर्षांनी याला आणखी उंच मुलं भेटली, तर हा कुठे खेळेल?’ चांगल्या सरांकडे याचं उत्तर तयार असतं. उत्तर मिळालं नाही तरच दुसरा क्लब बघा. शोध भायखळ्याजवळच्या नागपाड्यापर्यंत न्यायला लागला तरी न्या. मुंबईचा बास्केटबॉल ज्या गल्ल्यांनी वाढवला त्यातल्या त्या, आणि ठाण्याहून भायखळा काही फार लांब नाही. माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यावर रामू मेमोरियल स्पर्धा असते तेव्हा त्याला घेऊन जाच. देशभरातले मोठे संघ तिथे येतात. खरा फोर समोर दहा फुटांवर खेळताना बघणं आणि मोबाइलवर बघणं यात फार फरक आहे.

आता करिअर. इथे मी गोड बोलणार नाही.

भारतात जन्मलेला आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू सतनाम सिंग, २०१५ मध्ये, ५२ व्या क्रमांकावर. सात फुटांहून उंच, पंजाबच्या खेड्यातला. तो एनबीएची एकही मॅच खेळला नाही. अमज्योत ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघात, एनबीएच्या जी लीगमध्ये खेळून आला. प्रिन्सपाल सिंग हा फॉरवर्ड २०२१ मध्ये एनबीएची उन्हाळी स्पर्धा, समर लीग, जिंकणाऱ्या सॅक्रामेंटोच्या संघात होता. एवढी मोजकी नावं आहेत आणि ती सगळी तुमच्या मुलापेक्षा निदान पाच इंच उंच. मुलाने स्वप्न बघू नये असं मी म्हणत नाही. २०१४ मध्ये वुहानला आपल्या संघाने चीनला ६५-५८ असं हरवलं, त्या दिवशी मी घरात एकटीच ओरडत होते. पण स्वप्नाच्या भरवशावर बारावी सोडायची नाही.

देशातल्या व्यावसायिक लीगचं म्हणाल, तर यूबीए २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. २०२२ मध्ये आयएनबीएल आली, त्यात मुंबईचाही संघ होता. लीग येतात, जातात. खेळाडूचं घर चालतं ते नोकरीवर. रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, काही बँका, आयकर खातं. ही मंडळी खेळाडू म्हणून घेतात आणि संघाकडून खेळवतात. रेल्वेच्या खेळाडू कोट्यासाठी वय साधारण १८ ते २५ असतं, म्हणजे तुमच्या मुलाची पुढची सातेक वर्षं मोलाची. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही रेल्वेकडून खेळणारीच. रेल्वेत लागून रोज सकाळी सराव करणारा फोर हा प्रोफेशनल खेळाडूच असतो. मुलाला हे कमीपणाचं वाटत असेल तर त्याला तसं वाटू देऊ नका.

यासाठी तुम्ही एक फाइल करा, आणि ती मुलाकडे नको, तुमच्याकडे असू दे. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाच्या यादीची प्रत, तारीख. स्पर्धेला जायच्या आधी विचारायचं की ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे का. नोकरीच्या वेळी क्रीडा विभागाची पडताळणी होते आणि कितीतरी मुलांची रंगीत प्रमाणपत्रं तिथे बाद होतात. परदेशात ट्रायल देतो, एवढे लाख भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. आणि डब्यातली पावडर कोणी दिली तर घरात येऊ देऊ नका. अंडी, डाळ, मासे, दूध, भाकरी, भात. या वयात पोटभर जेवण आणि आठ-नऊ तास झोप लागते. पहाटेची एनबीए त्याच झोपेतून जाते, ती सुट्टीच्या दिवशी बघू दे. आणि पावडरीचं एवढ्यासाठी म्हणते, की सतनामवर २०२० मध्ये उत्तेजक चाचणीवरून दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

शिक्षणाबद्दल पुन्हा डंकनकडे जाते. तो मुळात पोहणारा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर राहायचा. १९८९ मध्ये ह्यूगो वादळाने तिथला पोहण्याचा मोठा तलाव उद्ध्वस्त केला आणि पुढे नववीत तो बास्केटबॉलकडे आला. त्याच सुमारास, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. पदवी पूर्ण करीन, असा शब्द त्याने तिला दिला होता. कॉलेज अर्धवट सोडून एनबीएत जायची दारं उघडी असताना तो चार वर्षं थांबला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ मध्ये ड्राफ्टला उतरला. पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्या चार वर्षांत त्याचा खेळ मागे पडला नाही, उलट पिकला. तुमच्या मुलाने बारावी नीट करावी, बी.कॉम.ला असं कॉलेज बघावं ज्याचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धा खेळतो. सीएचं मात्र आता नको. सीए आणि रोजचा चार तासांचा सराव एकत्र झेपणारा मुलगा मी पाहिलेला नाही. बावीसाव्या-तेविसाव्या वर्षी पुन्हा बसून हिशोब करता येईल.

राहिले त्याचे बाबा. ते खेळाच्या विरोधात आहेत असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, त्यांना कोणी खेळ दाखवलाच नाही. तीन पाळ्यांत मेन्टेनन्सला काम करणारा माणूस आहे तो. मशीन चालू असताना त्यांना कोण विचारतं? बंद पडलं तरच नाव निघतं. बॉक्सआउट म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चटकन कळेल.

त्यांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी दोघं जा. वही त्यांच्या हातात द्या, रेघा त्यांना मारू दे. घरी येताना गाडीत लेकाला ते आकडे वाचून दाखवू दे. तुम्ही मधे काही बोलू नका.